बाखच्या हार्प्सिकॉर्डचे सूर कसे लावलेले होते?

हार्मोनियमची साथ करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: “जर्मन संगीतकार बाखने सप्तकाचे बारा समान भाग करण्याची पद्धत शोधली आणि ती सिद्ध करण्यासाठी ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ लिहिलं, असं मी वाचलं. मग त्याच्या आधीची दोनशे वर्षं युरोपातले लोक कशावर वाजवत होते? माझे गुरुजी म्हणतात की पेटीचा गंधार चढा असतो, ती मुळातच बेसूर. पियानोचे सूरही तसेच लावतात. मग मोझार्ट आयुष्यभर बेसूर वाद्यावर वाजवत होता का?”

तुमच्या गुरुजींचं बरोबर आहे. तुम्ही वाचलंत ते मात्र चुकीचं आहे. समान बारा भागांची कल्पना बाखच्या कितीतरी आधीची आहे, आणि १७२२ साली बाखने ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या हस्तलिखितावर जो शब्द लिहिला त्याचा अर्थ ‘समान’ असा होत नाही. ‘वोलटेम्परिर्ट’ म्हणजे नीट बसवलेलं, चांगलं जुळवलेलं. समान जुळवणीसाठी जर्मनमध्ये ‘ग्लाइखश्वेबेंड’ असा वेगळा शब्द होता. तो बाखने वापरला नाही.

गेली अठ्ठावीस वर्षं मी पियानोचे सूर लावतो आणि दोन हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पिसाच्या नखीने तार छेडणारी पियानोआधीची कळफलकाची वाद्यं, माझ्या देखरेखीखाली आहेत. म्हणून पुस्तकातून सुरुवात न करता तारेवरून करतो.

तुमच्या पेटीवर पांढरी एक आणि पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पहिली आणि पाचवी पांढरी पट्टी, एकत्र दाबा. सा आणि प. सूर जवळजवळ स्थिर वाटेल. नीट कान दिलात तर सेकंदाला साधारण एकदा एक संथ हेलकावा जाणवेल. आता पांढरी एक आणि पांढरी तीन दाबा. सा आणि शुद्ध गंधार. मधल्या सप्तकात हा सूर सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथरतो. या थरथरीला आम्ही बीट म्हणतो. दोन सूर खरोखर जुळले की बीट पूर्ण थांबतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो तसाच थांबलेला असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तो नैसर्गिक गंधार सा पासून ३८६ सेंटवर येतो आणि तुमच्या पेटीचा ४०० वर. गुरुजींना खटकतात ते हे १४ सेंट.

मग लावणाऱ्याने गंधार ३८६ वर का लावला नाही? कारण सूर एकमेकांत पूर्ण बसतच नाहीत. आपल्या पंचांगात बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात, सूर्याचं वर्ष ३६५ चं. अकरा दिवस दरवर्षी उरतात आणि ते कुठेतरी बसवावेच लागतात. म्हणून अधिक मास येतो. सुरांत नेमकं हेच घडतं. पांढरी एकपासून शुद्ध पंचम लावत बारा वेळा वर गेलात की पुन्हा सा वर यायला हवं, पण तुम्ही सात सप्तकांच्या थोडे पुढे, सुमारे २३.५ सेंट जास्त चढलेले असता. शुद्ध गंधार एकावर एक रचत गेलात तर उलटं होतं. तीन गंधार रचले की तार षड्ज यायला हवा. प्रत्यक्षात ४१ सेंट कमी पडतात, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मं अंतर. आणि चार शुद्ध पंचमांनी मिळणारा गंधार ४०८ वर जातो, नैसर्गिक गंधारापेक्षा २२ सेंट वर. हा २२ चा आकडा लक्षात ठेवा.

आपल्या गायकाला ही अडचण फारशी भेडसावत नाही, कारण मैफलभर त्याचा सा हलत नाही. प्रत्येक स्वर तो त्या एका सा शी जुळवून घेतो. युरोपच्या संगीतात एकाच रचनेत आधारस्वर सरकतो. आत्ता जो गंधार होता तोच पुढच्या क्षणी षड्ज होतो. सूर आधीच बांधलेल्या वाद्यावर हे करायचं, तर तो उरलेला शेष कुठे टाकायचा हे सूर लावतानाच ठरवावं लागतं. १५०० ते १८०० या तीनशे वर्षांत या प्रश्नाला एकच एक उत्तर कधीच नव्हतं. त्या काळचे रचनाकार आपापल्या भोवतालचं उत्तर कानात ठेवूनच लिहीत होते.

मध्ययुगात पंचम शुद्ध ठेवत आणि गंधाराला दुय्यम मानत. ४०८ चा गंधार कानाला टोचतोच, त्यामुळे तो विसाव्याच्या जागी नसे. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या डन्स्टेबलच्या आणि त्याच्यामागून द्युफाईच्या रचनांत गंधार भरभरून आला. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीचा घुमट उभा राहिला आणि १४३६ मध्ये त्या वास्तूचा अभिषेक झाला, तेव्हा गायलेली रचना द्युफाईचीच होती. गंधारावर थांबायची सवय झाली, तसा तो गोड असणंही गरजेचं झालं. १५२३ मध्ये पिएत्रो आरोन याने व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात कळफलकाच्या वाद्यासाठी जी पद्धत दिली, तिला आज मीनटोन म्हणतात. तिचा हिशेब साधा आहे. चार पंचमांनी गंधार २२ सेंट चढतो ना? मग प्रत्येक पंचम साडेपाच सेंट उतरवा. पंचम जरासा हलतो, पण गंधार अगदी नैसर्गिक मिळतो.

मी हार्प्सिकॉर्ड मीनटोनला लावतो तेव्हा आलेल्या लोकांना आधी नुसता पांढरी एक–तीन–पाचचा मेळ, म्हणजे तिन्ही सूर एकत्र, ऐकवतो. पियानोची सवय झालेला माणूस दचकतो. सूर इतका शांत असतो की वाद्याचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. पुनर्जागरणाच्या काळातलं संगीत आधुनिक पियानोवर कोरडं का वाटतं, याचं माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे. त्या रचनांना सजावट कमी लागते, कारण मेळ स्वतःच भरलेला असतो.

किंमत अर्थातच मोजावी लागते. अकरा पंचम उतरवल्यावर बारावा जिथे उरतो तिथे सगळा हिशेब येऊन पडतो. साधारणतः तो काळी चार आणि काळी दोनच्या मध्ये ठेवत. तो शुद्ध पंचमापेक्षा सुमारे ३६ सेंट चढा असतो आणि इतका कर्कश वाजतो की त्याला लांडगाच म्हणत. अधिक मासासारखा सगळा शेष एका ठिकाणी. शिवाय काळी एक, काळी तीन, काळी चार आणि पांढरी सात या चार पट्ट्यांचा गंधार ४२७ वर जातो. आपल्या पुरुष गायकांची आवडती काळी एक त्या वाद्यावर घेताच आली नसती.

याचं कारण असं की काळी चार हा तिथे एक सूर नाही. पांढरी तीनचा गंधार म्हणून लावलात तर तो खाली बसतो. पांढरी एकचा कोमल धैवत म्हणून हवा असेल तर ४१ सेंट वर लागतो. मग कारागिरांनी काळी पट्टीच मधोमध कापली. पुढचा भाग एका सुराचा, मागचा दुसऱ्याचा. अशी दुभंगलेल्या पट्ट्यांची वाद्यं इटलीत बरीच झाली. निकोला विचेंतिनो तर १५५५ च्या आपल्या ग्रंथात एका सप्तकात ३६ पट्ट्या असलेल्या वाद्याचं वर्णन करतो. वीतो त्रासुंतिनो या कारागिराने १६०६ मध्ये केलेलं एका सप्तकात ३१ पट्ट्यांचं हार्प्सिकॉर्ड आजही बोलोन्याच्या संगीत संग्रहालयात आहे. चार सप्तकांत १२५ पट्ट्या. त्याचं चित्र जरूर पाहा. बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचं कुतूहल असलेल्या मराठी माणसाला ते वाद्य परकं वाटणार नाही.

गायकांनाही हा शेष चुकला नाही. वाद्याशिवाय चार आवाज गात असतील तर प्रत्येक मेळ ते शुद्ध करू शकतात, पण मग शेष वेगळ्या रूपात समोर येतो. बेनेदेत्ती या गणितज्ञाने चिप्रियानो दे रोरे या संगीतकाराला लिहिलेली पत्रं १५८५ मध्ये छापली गेली. त्यांत त्याने एक छोटी स्वरमालिका मांडून दाखवली: प्रत्येक अंतर तंतोतंत शुद्ध गायलं, तर मालिका संपताना आधारस्वर थोडा सरकलेला असतो, आणि ती पुन्हा गायली की आणखी तेवढाच. तो सरकतो २२ सेंटनी. कुणीही बेसूर गायलेलं नसतं, तरी सा हरवतो. या विषयात मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट हीच.

आता तुमच्या समान भागांकडे येऊ. ते आले ल्यूटवाल्यांकडून. ल्यूट हे बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. त्याचे पडदे म्हणजे दांडीभोवती बांधलेली आतड्याची तात. आपल्या सतारीच्या पडद्यांसारखे ते सरकवता येत, पण एकच पडदा सगळ्या तारांखालून आडवा जातो. एका तारेसाठी तो गंधार, तर दुसरीसाठी दुसरंच काही. तिथे अर्धस्वर लहान-मोठे ठेवले की काही ना काही बिघडतंच. म्हणून ल्यूटवाले आणि व्हायल हे गजाने वाजवायचं पडद्यांचं वाद्य वाजवणारे पडदे जवळजवळ समान बांधत. व्हिंचेंझो गॅलिली, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूटवादक. १५८१ च्या ग्रंथात त्यांनी सोपं माप दिलं: प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा. हा अर्धस्वर ९९ सेंटचा येतो. हाताने बांधायच्या पडद्यासाठी याहून जास्त काय हवं? समान भागांचं नेमकं गणित चीनमध्ये झू झाईयू याने १५८४ मध्ये मांडलं, युरोपात सिमोन स्टेव्हिनने १६०० च्या आसपास, आणि मेर्सेनने १६३६ च्या ग्रंथात ते सविस्तर दिलं. बाखचा जन्म १६८५ चा.

हान्स होल्बाइनचं ‘द अँबॅसडर्स’ हे १५३३ चं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन राजदूतांच्या मधल्या फडताळावर ल्यूट ठेवला आहे आणि त्याची एक तार तुटलेली आहे. त्या ताणलेल्या काळात ही तार दुहीची खूण म्हणून रंगवली, असा त्याचा अर्थ सांगतात. मी ते चित्र पाहतो तेव्हा माझी नजर आधी दांडीवरच्या तातीच्या पडद्यांवर जाते.

कल्पना हाताशी होती, तर कळफलकवाल्यांनी ती का उचलली नाही? कारण त्यांना गंधार गमवायचा नव्हता. समान जुळवणीत एकही पट्टी वाईट नाही, पण एकही गंधार शुद्ध नाही. जर्मनीत आंद्रेआस वेर्कमाइस्टरने १६९१ मध्ये मधली वाट छापून दिली. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध जुळवणीत बारांपैकी फक्त चार पंचम उतरवलेले आहेत, प्रत्येकी सुमारे सहा सेंट. उरलेले आठ शुद्ध. लांडगा गेला, आणि पट्ट्यांना स्वभाव मिळाला. पांढरी एक आणि पांढरी चारचा गंधार ३९० वर, जवळजवळ नैसर्गिक. पांढरी दोन आणि पांढरी पाचचा ३९६ वर. काळी एक, काळी तीन आणि काळी चारचा ४०८ वर, ताणलेला आणि झगझगीत. सगळ्या पट्ट्या वाजवता येतात, पण सगळ्या सारख्या वाजत नाहीत. ‘वोलटेम्परिर्ट’ हा शब्द अशा जुळवणीसाठीच रुळलेला होता.

बाखने स्वतः सूर कसे लावले हे त्याने लिहून ठेवलेलं नाही. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल आणि शिष्य अग्रिकोला यांनी लिहिलेला मृत्युलेख १७५४ मध्ये छापला गेला. त्यात म्हटलं आहे की तो हार्प्सिकॉर्ड असा लावी की सगळ्या पट्ट्या सुंदर आणि सुखद वाजत. पहिला चरित्रकार फोर्केल सांगतो की हे काम त्याला पाव तासाहून जास्त लागत नसे आणि पिसाच्या नख्या बसवण्याचं काम तो दुसऱ्या कुणावर सोडत नसे. रोज हार्प्सिकॉर्ड लावणाऱ्या माणसाला हा पाव तास फार बोलका वाटतो. समान जुळवणी कानाने लावायची तर प्रत्येक पंचमाचा बीट मोजत, पुन्हा पुन्हा तपासत जावं लागतं. बरेच पंचम शुद्ध असलेली जुळवणी हाताला पटकन येते, कारण शुद्ध पंचम ऐकताक्षणी थांबतो. शिष्य किर्नबर्गरच्या हवाल्याने असंही नोंदलं आहे की बाख सगळे मोठे गंधार थोडे चढे ठेवायला सांगे. याचा अर्थ समान जुळवणी असा घेणारे अभ्यासक आहेत. पण चढे म्हणजे सारखेच चढे, असं त्यातून निघत नाही. २००५ मध्ये एका अमेरिकन वादकाने बाखच्या शीर्षकपानावरच्या वेलबुट्टीतल्या गाठी म्हणजे जुळवणीची खूणच आहे, असा तर्क मांडला. मी त्या पद्धतीने वाद्य लावून पाहिलं. वाजतं छान, पण पुरावा म्हणून मला तो पटत नाही.

माझ्या दृष्टीने खरा पुरावा संगीतातच आहे. ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या दोन्ही भागांत प्रत्येक पट्टीसाठी दोन रचनांची जोडी आहे: आधी प्रिल्यूड हा प्रास्ताविक तुकडा, मग फ्यूग, ज्यात एकच धून एकामागून एक आवाज उचलतात. पहिल्या भागातली आठवी जोडी पाहा. प्रिल्यूड सहा कोमल स्वरांच्या खुणांनी लिहिलेला आहे आणि त्याच्या जोडीचा फ्यूग सहा तीव्र स्वरांच्या खुणांनी. पेटीच्या भाषेत दोन्हींचा सा एकच, काळी दोन. मीनटोनमध्ये या दोन नावांचे सूर ४१ सेंटनी वेगळे असते. बाख ते शेजारी ठेवतो, म्हणजे त्याच्या वाद्यावर बारा पंचमांचं वर्तुळ पूर्ण झालेलं होतं. आता पांढरी एकचा पहिला प्रिल्यूड ऐका: मेळ सावकाश उलगडतात, गंधार कानात राहतो. मग काळी एकचा तिसरा प्रिल्यूड ऐका: दोन्ही हात सतत धावतात, ताणलेला गंधार एका जागी थांबतच नाही. दुसऱ्या भागातला काळी एकचा प्रिल्यूड तर आधी पांढरी एकमध्ये होता आणि नंतर इकडे आणला गेला. पट्ट्यांचा स्वभाव ओळखणारा माणूस लिहितो आहे, असं मला प्रत्येक वेळी वाजवताना वाटतं.

मोझार्टबद्दल. त्याच्या घरात शुद्ध सुरांची शिस्त आपल्या एखाद्या घराण्याइतकी कडक होती. वडील लेओपोल्ड यांनी व्हायोलिनचा ग्रंथ १७५६ मध्ये, म्हणजे मोझार्टच्या जन्मवर्षीच, छापला. त्यात ते बजावतात की कोमल केलेला स्वर त्याच्या जोडीच्या तीव्र स्वरापेक्षा एका सूक्ष्म अंतराने वर असतो. कळफलकावर दोन्ही एक असले तरी कानाने वेगळे धरा. आपल्याकडे पियानो शिकलेल्यांना हे उलटं वाटतं, आणि व्हायोलिनचे बरेच आजचे शिक्षकही आता उलटंच शिकवतात. पण मेळातला गंधार शुद्ध हवा असेल तर लेओपोल्डचंच बरोबर. बासरीवादक क्वांट्झने १७२६ मध्ये आपल्या बासरीला काळी दोनसाठी दोन वेगळ्या कळा लावल्या, त्या याच फरकासाठी. मोझार्टचा इंग्रज शिष्य अ‍ॅटवुड याच्या वह्या उपलब्ध आहेत. त्यांतही मोठा आणि लहान असे दोन प्रकारचे अर्धस्वर शिकवलेले दिसतात.

म्हणजे मोझार्टच्या गायकांचा आणि व्हायोलिनवाल्यांचा गंधार तुमच्या पेटीसारखा नव्हता. आणि त्याचा पियानो? त्या काळच्या व्हिएन्नातल्या प्रत्येक पियानोबद्दल कुणी शपथ घेऊ शकणार नाही. पण मोझार्टच्या पियानो सोनाटांच्या मूळ पट्ट्या पाहा. एकीतही तीनपेक्षा जास्त तीव्र किंवा कोमल खुणा नाहीत. तो नेहमी वर्तुळाच्या त्याच भागात घर करतो जिथे असमान जुळवणीचे गंधार गोड असतात. दूर जायचं तेव्हा भटकायला जातो, आणि ते जाणं ऐकू यावं असंच लिहितो. १७८५ ची त्याची फँटसी (कोखेलने केलेल्या मोझार्टच्या रचनांच्या यादीत क्रमांक ४७५) तेव्हाच्या पद्धतीच्या फोर्टेपियानोवर, म्हणजे जुन्या पियानोवर, असमान जुळवणीत वाजवलेली मिळाली तर ऐका. पट्टी बदलली की खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटतं. हायडनने १७७२ च्या ‘फेअरवेल’ सिंफनीसाठी काळी तीनची पट्टी निवडली, तेव्हा शिंगवाल्यांसाठी खास नळ्या करून घ्याव्या लागल्या होत्या. पट्टी निवडणं हा त्या काळी इतका ठोस निर्णय होता. शूबार्ट नावाच्या लेखकाने तर प्रत्येक पट्टीचा भाव लिहून ठेवला: पांढरी एक निर्मळ, आणि काळी दोनची लघु (मायनर) पट्टी अशी की भुतं बोलली तर तिच्यात बोलतील. भावाचं वर्णन जसंच्या तसं घेऊ नका, पण फरक ऐकू येत होता हे त्यातून दिसतं. पियानोची समान जुळवणी सर्वत्र रुळली ती पुढे एकोणिसाव्या शतकात.

तुमची पेटी त्या शतकाची मुलगी आहे. पॅरिसमध्ये देबेनने हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये घेतलं, आणि वाद्य समान जुळवणी सोबत घेऊनच आपल्याकडे आलं. त्याविरुद्धची खटपटही आपल्याकडेच झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि ई. क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याबरोबर श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली. विचेंतिनोने हाताळलेला प्रश्न हाच होता.

तुम्ही एकाच गायकाला साथ करत असाल तर पेटी गंधार ट्यूनिंगला, म्हणजे एका ठरावीक पट्टीच्या सा शी शुद्ध जुळणाऱ्या सुरांना, लावून घ्या. चांगला कारागीर सूरपट्टी मुळाशी हलक्या हाताने घासून सूर उतरवतो, टोकाशी घासून चढवतो. एवढंच सांगतो की पट्टी आधी पक्की करा. पांढरी एकला शुद्ध लावलेल्या पेटीत रिषभ २०४ वर असतो आणि धैवत ८८४ वर. उद्या पांढरी दोनचा गायक आला, तर त्याचा पंचम हाच धैवत असेल, आणि तो ७०२ ऐवजी ६८० वर मिळेल. बरोबर २२ सेंट उतरलेला.